उघडायच्या नाहीत : जुन्या पोर्टच्या तीन बाटल्या आणि एका वाक्याचे दोन पाठ

वर्सोव्याच्या आमच्या घरात पोलादी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, गोधड्यांच्या तळाशी, पोर्ट वाइनच्या तीन बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या. यजमान गेल्यावर दोन वर्षांनी मी तो कप्पा आवरायला काढला आणि प्रश्न उभा राहिला : या प्यायच्या की विकायच्या? मुलगा इंग्लंडात असतो. त्याने फोनवरच उत्तर दिले, "आई, विकून टाक. पितंय कोण आपल्यात?" मी तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवले. कोणताही प्रश्न आला की तो आधी कुणी लिहून ठेवला आहे का, हे बघण्याची खोड अजून गेलेली नाही. मी पुस्तके काढून बसले. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे. वाचताना जो खरा पेच सापडला तो मात्र छापील पुस्तकांत नव्हता. तो आमच्या सासूबाईंच्या एका वाक्यात होता.

आधी वस्तूची ओळख करून द्यायला हवी, कारण 'पोर्ट' म्हटले की आपल्याकडे गोव्याहून येणारी स्वस्त, गोड, लाल वाइन डोळ्यांपुढे येते. ती निराळी. मूळ पोर्ट ही उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ७७ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेला द्राक्षाचाच अर्क ओततात. त्याने आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि वाइनची ताकद वीस टक्क्यांपर्यंत चढते. पंतप्रधान पोंबालने १७५६ साली या खोऱ्याच्या सीमा आखून दिल्या. दहा वर्षांत साधारण तीनदा असे उत्तम पीक येते की व्यापारी त्या वर्षाचे नाव देऊन 'व्हिंटेज पोर्ट' जाहीर करतात. ही पोर्ट लाकडी पिंपात जेमतेम दोन वर्षे राहते, मग न गाळता बाटलीत भरली जाते आणि पुढची वीस, चाळीस, साठ वर्षे बाटलीतच मुरते. मुरताना तळाशी जाड साका धरते. आमच्या बाटल्या १९६३ सालच्या. ते वर्ष गेल्या शतकातल्या नावाजलेल्या वर्षांपैकी एक मानतात. तेव्हाची पुष्कळशी पोर्ट पिंपांतून इंग्लंडला जाई आणि तिथले व्यापारी ती बाटल्यांत भरत. बाटली आडवी असताना कोणती बाजू वर होती हे कळावे, म्हणून काचेवर पांढऱ्या रंगाचा एक फराटा मारलेला असतो. आमच्याही बाटल्यांवर तो आहे.

वर 'पिंप' हा शब्द सहज लिहून गेले. आपल्या न्हाणीघरातले पिंप पोर्तुगीज 'पिपा'वरून आले आणि दोरूच्या खोऱ्यात पोर्ट आजही 'पिपा'नेच मोजतात; साडेपाचशे लिटरच्या आसपास एक. 'लिलाव' हा शब्दही पोर्तुगीजच, 'लेलांव'वरून आलेला. वर्सोव्यात बसून हे लिहिताना गंमत वाटते. खाडीपलीकडे मढच्या टोकाला जो किल्ला दिसतो तो पोर्तुगीजांनी बांधला आणि १७३९च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. किल्ला गेला, शब्द राहिले. जपून ठेवायचे भांडे आणि विकून टाकायची रीत, या दोन्हींना मराठीत नाव देणारे लोक एकच होते.

बाटल्या आमच्याकडे आल्या त्या सासऱ्यांमुळे. मामंजी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका परदेशी जहाज कंपनीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. १९७१ साली त्यांचे साहेब कायमचे विलायतेला निघाले आणि जाताना त्यांनी या तीन बाटल्या दिल्या. आडव्या ठेवा, फराटा वर राहू द्या, घाई करू नका, अशा तीन सूचना सोबत होत्या. मामंजींनी तिन्ही आयुष्यभर पाळल्या. साहेबांजवळ परवाना होता, मामंजींजवळ नव्हता. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू बाळगणे हाही गुन्हा होता. तेव्हा आमचे अत्यंत पापभीरू सासरे, ज्यांनी कधी विनातिकीट लोकलमध्ये पाय ठेवला नाही, ते कित्येक वर्षे गुन्हेगार होते आणि बहुधा त्यांना ते ठाऊक होते. गिरगावातून वर्सोव्याला बिऱ्हाड हलवले तेव्हा बाकीचे सामान टेम्पोतून आले. बाटल्या ते स्वतः टॅक्सीत मांडीवर घेऊन आले.

आणि सासूबाईंनी त्या घरात येऊ दिल्या, हेच मुळात आश्चर्य. त्यांचे वडील दारूत गेले होते. त्यांच्या वाक्याकडे शेवटी येते.

वारशाने आलेल्या पोर्टचे काय होते, याचे इंग्रजी साहित्यातले सगळ्यात धारदार चित्र जॉर्ज मेरेडिथच्या 'द इगोइस्ट' या १८७९च्या कादंबरीत आहे. सर विलोबी पॅटर्न हा गडगंज, देखणा, स्वतःवरच लुब्ध असलेला जमीनदार. क्लॅरा मिडलटनचे त्याच्याशी लग्न ठरले आहे, पण त्याचा स्वभाव उमगल्यावर तिला त्यातून सुटायचे आहे. तिचे वडील डॉ. मिडलटन हे मोठे विद्वान, ग्रीक-लॅटिनचे पंडित, आणि जुन्या मद्याचे दर्दी. मला इथून घेऊन चला, असे क्लॅरा वडिलांना विनवते आणि ते जवळजवळ कबूल होतात. त्याच रात्री विलोबी वाडवडिलांच्या तळघरातली जुनी पोर्ट त्यांच्यापुढे ठेवतो. ते प्रकरण मी वर्गात अनेकदा शिकवले. पोर्टची तुलना पंडित होमरच्या छंदाशी करतात, बर्गंडीची पिंडरच्या स्तोत्रांशी. विद्वत्ता आणि जीभ यांची अशी युती झाल्यावर मुले खदखदून हसत. मीही हसत असे.

या वेळी वाचताना हसू आले नाही. विलोबी ती पोर्ट धड पाहुणचार म्हणून देत नाही आणि विकतही नाही. तो तिचा विनिमय करतो. या तळघराला जावई जोडलेला आहे, एवढेच तो न बोलता सुचवतो आणि बाप दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाचे नाव काढीनासा होतो. बापाला आपण मुलगी देतो आहोत असे वाटतच नाही, मेरेडिथच्या उपहासाची सुरी नेमकी इथे आहे. त्याला वाटते, आपण संस्कृतीच्या उत्तम वारशाचा आस्वाद घेतो आहोत. या प्रकरणाकडे 'मद्यावरचे उत्कृष्ट विनोदी लेखन' म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मीही वर्गात तसेच सांगत आले. ते वाचन अपुरे आहे असे आता म्हणावेसे वाटते. वारशाची बाटली फुटते तेव्हा किंमत कोण मोजते, हा त्या प्रकरणाचा विषय आहे, आणि किंमत मोजणारी व्यक्ती त्या वेळी खोलीत नसते. क्लॅरा पुढे सुटते, पण स्वतःच्या हिंमतीवर. बापाच्या विद्वत्तेचा तिला काडीचा उपयोग होत नाही.

आता विक्रीचे पाहू, कारण मुलाने तोवर तिकडच्या लिलावांचे भाव काढून पाठवले होते. चांगल्या रीतीने सांभाळलेल्या असत्या, तर तीन बाटल्यांचे मिळून माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतके पैसे झाले असते. गच्चीची गळती काढायला ते मला चालले असते, खोटे कशाला बोलू? पण 'चांगल्या रीतीने सांभाळलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. मद्याच्या लिलावाची सूची हा एक वाङ्मयप्रकारच आहे. लंडनच्या जेम्स क्रिस्टीने १७६६ साली पहिला लिलाव केला त्यातही मद्य होते. १९६६ साली त्याच पेढीचा मद्यविभाग मायकेल ब्रॉडबेंट यांनी पुन्हा उभा केला आणि आज रूढ असलेल्या सूचीलेखनाला वळण लावण्यात त्यांचा वाटा मोठा. या सूचींत बाटलीला शरीर असते. मद्य मानेपर्यंत आहे, मानेच्या मुळाशी आहे, खांद्याच्या वरच्या कडेला आहे की मध्यावर, यावरून तिची पत ठरते. बूच किती झिरपले आणि हवा किती आत गेली याचा तो अंदाज असतो. दुसरी बाब म्हणजे बाटलीची कुळकथा. ती कुठल्या तळघरात, किती अंशावर, कुणाच्या ताब्यात होती? पोर्टला बारा ते पंधरा अंशांचा अंधार लागतो. आमच्या कपाटाने पन्नासहून अधिक उन्हाळे वर्सोव्याचे किंवा गिरगावचे काढले. समुद्राच्या दमट हवेने बुचे सुकली नाहीत एवढेच. एका बाटलीत मद्य मानेच्या मुळाशी आहे, दोघींत खांद्यावर उतरले आहे. लिलावाच्या भाषेत आमच्या बाटल्यांना पत्रिकाच नाही.

शिवाय कायदा. महाराष्ट्रात तो १९४९चाच कायदा अजून लागू आहे. परवाना घेऊन मी पिऊ शकते. विकायचे तर विक्रीचा परवाना हवा आणि तो कपाटातल्या तीन बाटल्यांसाठी सेवानिवृत्त प्राध्यापिकेला कुणी देणार नाही. म्हणजे विकायचे तर चोरून. मामंजींचा गुन्हा निदान निष्क्रिय होता!

इथे प्रश्न मिटला, असे कुणी म्हणेल. विकता येत नाही, मग प्या. पण मराठी घरात 'मग प्या' इतके सरळ नसते, आणि त्याचे बरेचसे कारण एका नाटकात आहे.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यांचे 'एकच प्याला' महिन्याभरात, फेब्रुवारीत रंगभूमीवर आले. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगांत सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. कथानक सांगायची गरज नाही. न्यायालयात अपमान झालेला वकील सुधाकर तळीरामाच्या सांगण्यावरून पहिला प्याला घेतो आणि शेवटी मूल, सिंधू आणि तो स्वतः, कुणीच उरत नाही. या नाटकाचा मराठी मनावर केवढा पगडा आहे, हे नाट्यसमीक्षेपेक्षा घराघरांतून जास्त कळते. आमच्या सासूबाईंनी ते लहानपणी गिरगावात आईबरोबर पाहिले. सिंधू जात्यावर बसते त्या प्रवेशाला त्यांची आई उठून बाहेर गेली आणि नाटक संपेपर्यंत आत आली नाही. त्या बाई घरी दळणेच दळत होत्या. नाटकातले गाणे ऐकायला पैसे मोजून आलेल्या बायकांत त्या एकट्याच अशा होत्या असे नव्हे.

समीक्षक म्हणून या नाटकाविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. चव हा त्या नाटकाचा विषयच नाही. दारू कुठून आली, कुणी गाळली, किती काळ मुरली, याला तिथे अर्थ नाही. तिथे फक्त पेले मोजायचे असतात, आणि पहिला व शेवटचा यांत फरक नाही हाच सिद्धान्त. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत दारूच्या बाजूने जेवढे म्हणून बोलता येईल तेवढे गडकरी विनोदात खर्चून टाकतात, म्हणजे गंभीरपणे बोलायला काही शिल्लक राहायला नको. परिणामी थोडे पिणारा, थांबणारा, ठेवून देणारा माणूस मराठी रंगभूमीला जवळजवळ अपरिचित राहिला. माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला, पण खय्यामचा पेलाही आजच्या आज रिता करायचा; उद्यासाठी ठेवणे हे त्या तत्त्वज्ञानात पापच. आपल्याकडे मुरण्याला मान नाही असे नाही. लोणचे मुरते, मोरावळा मुरतो, वैद्याकडे जुन्या तुपाला किंमत असते. शार्ङ्गधरसंहितेत तर आसवे जुनी होतील तितकी गुणवान, असे स्पष्ट सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात दारूबंदी कायदा बहुतांशी उचलून धरला, तरी मद्यार्क असलेली औषधे बाळगण्यावरची बंदी रद्द केली. म्हणजे द्राक्षासव घरात चालते, द्राक्षाचीच पोर्ट चालत नाही. ही सगळी तक्रार मी एकदा सासूबाईंपुढे बोलून दाखवली होती. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी कधी पगार हरवून आणला होता का?" मी गप्प बसले.

आता मला दिसते की तक्रार खोटी नव्हती, अर्धी होती. ठेवून देण्यासाठी काय लागते? तळघर लागते, गारवा लागतो, आज न विकता चालेल एवढा पैसा लागतो. इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत मूल जन्मले की त्याच्या नावाने पोर्टचे एक अख्खे पिंप घेऊन ठेवण्याची चाल होती. एकवीस वर्षांनी ते मूल ती बाटली उघडणार. ज्याच्याकडे संध्याकाळपर्यंतचाच पैसा आहे, त्याची दारू मुरत नाही. जून २०१५ मध्ये आमच्या खाडीपलीकडे, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिशवीतून मिळणारी, मिथेनॉल मिसळलेली दारू. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा भाऊ त्यात होता. गडकऱ्यांच्या नाटकात दारूची चव नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे असलेल्या घरांत ती नव्हतीच, हे मला वर्गात सुचले नाही; त्या जून महिन्यात, बाई आठ दिवस आल्या नाहीत तेव्हा सुचले. मेरेडिथच्या पंडितांना होमर आठवतो तो तळघराच्या जोरावर.

आणि तरीही दोन कृतींत एक साम्य आहे, जे त्या शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. बाटली पुरुषाची, हिशेब बाईचा. विलोबीच्या पोर्टची किंमत क्लॅराने द्यायची, सुधाकरच्या प्याल्याची सिंधूने. फरक असा की क्लॅराला नाही म्हणता येते आणि मेरेडिथ तिच्या बाजूला उभा राहतो. सिंधूला नाही म्हणता येत नाही आणि तेच तिचे मोठेपण म्हणून आपण टाळ्या वाजवतो. सासूबाईंच्या आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बाहेर जाऊन उभी राहिली. 'एकच प्याला'वरचा याहून नेमका अभिप्राय माझ्या वाचनात नाही.

जॉर्ज सेंट्सबरी यांच्या 'नोट्स ऑन अ सेलर-बुक'विषयी थोडक्यात. एडिंबरा विद्यापीठात वीस वर्षे इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या या समीक्षकाने १८८४पासून आपल्या तळघराची वही ठेवली होती. निवृत्तीनंतर, १९२० साली, तिच्या आधाराने हे पुस्तक लिहिले. कोणती बाटली, कोणत्या वर्षाची, कुणाबरोबर, कोणत्या जेवणाला. जेवणांच्या याद्याही आहेत. मद्यविरोधकांवर म्हातारबुवा जागोजाग डाफरतात आणि ते भाग आज कंटाळवाणे वाटतात. पण पुस्तक टिकले, कारण त्यातल्या बाटल्या रिकाम्या आहेत. प्यायलेल्या बाटलीविषयीच लिहिता येते. भरलेल्या बाटलीविषयी फक्त सूची करता येते. सेंट्सबरींमुळे मी पिण्याच्या बाजूला झुकले, हे कबूल करते. मात्र त्यांच्या टेबलाभोवती बहुतेक पुरुष आहेत आणि ती बाटली कुणी जपली, पुसली, गोधडीखाली सरकवली याची नोंद कुठे नाही.

ती नोंद करायची तर सासूबाईंच्या वाक्याकडे यायला हवे. १९७१ साली मामंजी बाटल्या घेऊन घरी आले तेव्हा त्या काय म्हणाल्या? माझ्या यजमानांच्या सांगण्याप्रमाणे वाक्य असे : "दिलेली वस्तू टाकू नये. राहू देत. पण उघडायच्या नाहीत." हे मी लग्नानंतर किती वेळा ऐकले असेल! कपाट साफ करताना फोन केला म्हणून कळले की माझ्या नणंदेला, डोंबिवलीच्या वन्संना, ते वाक्य वेगळे आठवते : "राहू देत. पण मी आहे तोवर उघडायच्या नाहीत."

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण चांगले आहे. दोन साक्षी, दोघेही घरातले. यजमान तेव्हा अकरा वर्षांचे होते, वन्सं सतराच्या. सासूबाई २००४ साली गेल्या. पहिला पाठ खरा मानला तर बंदी कायमची आहे, दुसरा खरा मानला तर ती संपून वीस वर्षे झाली. वय पाहता वन्संची साक्ष वजनदार. पण मला सोयीचा पाठ तोच, म्हणून त्यावर अधिक संशय घ्यायला हवा. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण तसेच करतो. तेव्हा नक्कल करणाऱ्याचे मन पाहिले. यजमान आईचे लाडके, वडिलांसारखे नियमाचे. अट गाळून आज्ञा तेवढी लक्षात ठेवणे हे त्यांच्या स्वभावाला धरून होते. उलट 'मी आहे तोवर' हे शब्द वन्संनी मागाहून घातले असे मानायला कारण सापडत नाही; त्यांना पोर्टमध्ये रस नाही, बाटल्या कुठे आहेत हेही त्या विसरल्या होत्या. आणि तिसरी गोष्ट, ती मला निर्णायक वाटली. मामंजींनी बाटल्या साहेबाने सांगितल्या तशाच, फराटा वर करून ठेवल्या. कधीच उघडायच्या नसत्या तर उभ्या ठेवल्या काय आणि आडव्या ठेवल्या काय! बूच ओले ठेवायचे ते कधीतरी काढायचे असते म्हणून. आणि गोधड्या उन्हात घालताना त्या बाटल्या उचलून पुन्हा तशाच ठेवत होत्या त्या सासूबाई.

त्यांनी दारूला घरात जागा दिली आणि तिच्यावर सत्ता स्वतःकडे ठेवली. क्लॅराला ती मिळवण्यासाठी झगडावे लागले, सिंधूला मिळालीच नाही. माझा हा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे जातो असे कुणाला वाटले तर त्याला माझे उत्तर नाही.

विकण्याचा प्रश्न त्यानंतर मी मुलाकडे पुन्हा काढला नाही. दुकानातून एका दिवसाचे दोन परवाने आणले. वन्संना कागद दाखवला तेव्हा त्या चवताळल्या, "या वयात मला सरकारची परवानगी?" तरी नाव लिहू दिले. खांद्यापर्यंत उतरलेल्या दोघींपैकी एक बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली, साका बसावा म्हणून. बूच निम्म्यावर तुटले आणि उरलेले भुगा होऊन आत पडले. चक्का बांधायच्या मलमलीतून पोर्ट काचेच्या जगमध्ये गाळली. रंग लाल राहिला नव्हता. विटेसारखा, कडेला पिवळट. वास आधी जुन्या कपाटाचा, मग खजुराचा आणि जळक्या गुळाचा. उन्हाने तिला शिजवले होते हे उघड होते. सेंट्सबरींनी दोन ओळींत निकाल लावला असता. पण ती मेली नव्हती. गोडी होती, मागून थोडा कडवटपणा, आणि घशाखाली गेल्यावर बराच वेळ ऊब.

वन्संनी दोन घोट घेतले. "द्राक्षासवासारखं लागतंय," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आईला चाललं असतं." मी विचारले, प्यायला? "नाही गं. आपण प्यालो ते." मग त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला, कारण त्यांना मधुमेह आहे.

मलमलीत राहिलेला साका मी तुळशीत टाकणार होते. वन्संनी टाकू दिला नाही, शेवग्याच्या बुंध्याशी टाक म्हणाल्या. उरलेल्या दोन बाटल्या पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवल्या, आडव्या, फराटा वर. मुलगा डिसेंबरात येणार आहे.